वडाच्या म्हसव्यात, पारंब्यांखाली

पुणे-सातारा हायवे पाचवडला सोडून आत वळलं की वैराटगड नजरेसमोर राहतो. त्याच्याच परिसरात, जावळी तालुक्यात, वडाचे म्हसवे हे अवाढव्य वडाच्या नावानं ओळखलं जाणारं गाव आहे. इथं यायचं तर वटपौर्णिमा होऊन गेल्यावर, पहिल्या पावसानंतर यावं. पारंब्यांना नवी टोकं फुटलेली असतात आणि सणाचं सूतही अजून खोडावर असतं. झाड आणि झाडावरची माया, दोन्ही एकदम बघायला मिळतात.

१८८२ साली या वडाची मापं घेतली गेली. सावलीचा घेर १५८७ फूट, उत्तर-दक्षिण ५९५ आणि पूर्व-पश्चिम ४४२ फूट. आज आत शिरल्यावर मूळ खोड कुठलं ते ओळखता येत नाही, आणि त्यात काही वावगं नाही. कोलकात्याजवळच्या शिबपूर बागेतल्या प्रसिद्ध वडाचं मुख्य खोड बुरशीनं पोखरलं म्हणून १९२५ मध्ये काढून टाकलं. ते झाड आजही पारंब्यांच्या खोडांवर उभं आहे. म्हणून वड जगवायचा तर आधी पारंबी जगवायची.

पारंबीचं टोक जवळून बघण्यासारखं असतं. शेवटचा इंच-दीड इंच पिवळट, ओलसर, नखानं सोलेल इतका मऊ. त्याच्या वर तपकिरी साल सुरू होते. लांबी वाढते ती या टोकातूनच. ते चिरडलं की मागून फुटवे येतात, पण तेवढा हंगाम हातचा जातो. एक पोरगं बोटभर जाडीच्या पारंबीला लोंबकळत होतं, तर लाकडं वेचणारी बाई लांबूनच ओरडली, "आरं, सोड ती! कवळी हाय अजून." वृक्षसंवर्धनाची अनेक भाषणं ऐकली आहेत. इतकं नेमकं वाक्य त्यांत क्वचितच सापडलं.

टोक जमिनीपासून तीन-चार फुटांवर आलं की त्याला वाट करून देता येते. बांबू उभा चिरायचा, आतले पेरांचे पडदे फोडायचे, माती आणि कुजलेलं शेणखत भरायचं, पारंबी आत बसवून सुतळीनं सैल बांधायचं. खाली फूटभर खोल खड्डा करून पोयटा भरायचा. बांबूतली माती ओली राहिली पाहिजे. प्लास्टिकचा पाइप उन्हात तापतो आणि टोक करपतं. तोच हाताशी असेल तर भोकं पाडून वरून ओलं गोणपाट गुंडाळावं.

सूत सुती असेल तर ते पावसाळ्यात कुजून जातं, झाडाला त्रास होत नाही. हल्ली बाजारात मिळणारा चकचकीत दोरा बऱ्याचदा नायलॉनचा असतो. तो कुजत नाही. पारंबी जाड होऊ लागली की सालीत रुततो आणि तिथून वरच्या पानांत तयार झालेलं अन्न खाली उतरत नाही. सण झाल्यावर आठवड्याभरात कात्रीनं तो कापून काढावा. फेरे मारणाऱ्या बायकांनीच हे काम हाती घेतलं तर सगळ्यात चांगलं, कारण त्यांचा शब्द गावात चालतो. या पूजेला जुनाट म्हणून हसणाऱ्यांचा मला राग येतो. खेड्यातल्या किती वडांवर कुऱ्हाड पडली नाही ती केवळ या पूजेमुळे.

पण हीच भक्ती पार बांधताना झाडाच्या मुळावर उठते. वाटेतल्या एका गावात बघितलं: वडाच्या बुंध्याला चिकटून तीन फुटी सिमेंटचा पार, आत भराव, वर गुळगुळीत फरशी, लाल-पिवळा रंग. खर्च श्रद्धेनं केलेला होता, कुणाच्या मनात वाईट नव्हतं, आणि झाड वरून वाळत चाललं होतं. मुळांना हवा लागते, आणि हवा घेणारी बहुतेक बारीक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात. तीन फूट भराव टाकला की ती गुदमरतात. सालीला माती कायम चिकटून राहिली की ओल धरते आणि बुरशी शिरते. फरशीवर आपटलेली पारंबी तर रुजणारच नाही. पार हवाच असेल तर बुंध्यापासून सहा-आठ फूट सोडून, दगड कोरडे रचून, आतली माती मूळच्या पातळीला ठेवून बांधावा. कापूर आणि दिवे ढोलीत लावू नयेत. आतलं लाकूड आधीच वाळलेलं असतं, ते दिवसेंदिवस धुमसतं.

तिथून सांगली जिल्ह्यात, मिरज-पंढरपूर रस्त्यावर भोसे. कराडपासून पुढचा प्रवास उकाड्याचा आणि सांगण्यासारखा नाही. भोशातला यल्लम्मा मंदिराजवळचा वड सुमारे ४०० वर्षांचा मानला जायचा. २०२० मध्ये रत्नागिरी-नागपूर महामार्गासाठी तो तोडायचं ठरलं, तेव्हा लोक झाडाभोवती उभे राहिले आणि रस्त्याची आखणी सरकवावी लागली. पुढे एका पावसात तो वड कोसळला. त्यामुळे त्या लोकांची जीत कमी होत नाही. एवढंच की करवत थांबवल्यानंतरचं काम दहा-वीस वर्षं चालणारं असतं.

कोसळलेल्या किंवा छाटलेल्या वडाचा वंश खुंटावर, म्हणजे जमिनीत रोवलेल्या जाड फांदीवर, चालतो. मनगटाएवढी जाड, सहा ते आठ फूट लांब फांदी घ्यावी. पानं काढावीत, खालचा काप तिरका द्यावा, चीक वाळेपर्यंत तीन-चार दिवस सावलीत ठेवावी. वरच्या टोकाला शेणमातीचा गोळा. खड्डा दोन फूट खोल. सांगलीकडच्या काळ्या मातीत तळाला मुरूम टाकलाच पाहिजे, नाहीतर पाणी साचून बूड कुजतं. तीन काठ्यांचा आधार द्यावा, कारण खुंट वाऱ्यानं हलला की नवी मुळं तुटतात. पालवी फुटली म्हणजे खुंट जगला असं समजू नये. ती फांदीतल्या साठ्यावर येते, आणि मुळं धरली नसतील तर उन्हाळ्यात सगळं वाळतं. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत पाणी आणि शेळ्यांसाठी बाभळीच्या काट्यांचं कुंपण. वटपौर्णिमेला विकायला येणाऱ्या डहाळ्या यासाठी फार बारीक असतात. त्या तोडू नयेत, विकतही घेऊ नयेत.

पन्नास वर्षांवरच्या झाडांना 'हेरिटेज' दर्जा देणारी २०२१ ची दुरुस्ती नागरी भागासाठीच्या कायद्यात झाली, खेड्यातला वड तिच्या बाहेर राहतो. गावाच्या हातात आहे ती जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिची लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडाझुडपांची आणि जीवांची नोंद. ग्रामसभेत ठराव करून झाड तिच्यात चढवून घ्यावं. मुख्य खोडाचा घेर साडेचार फुटांवर टेपनं मोजावा, पारंब्यांची खोडं वेगळी लिहावीत, आणि नकाशात खोडाच्या ठिपक्याऐवजी सावलीच्या कडेपर्यंतची सगळी जागा दाखवावी. रस्त्याची मोजणी करणारे ठिपका चुकवून जातात आणि मुळांवरून डांबर नेतात.