डबा कधी संपतो?

"काकू, दुकान नाही, जाहिरात नाही, मग एवढं गिऱ्हाईक आलं कुठून?"

लग्नाच्या पंगतीत, मिरची-मसाला कुटायच्या डंकावर, बँकेच्या रांगेत, कुठेही हा प्रश्न येतो. विचारणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. कुणी पापड करते, कुणी शेवया, एकजण गोधड्या शिवते. त्यांना एका वाक्यात उत्तर हवं असतं, की अमुक ॲप घ्या, तमुक ठिकाणी स्टॉल लावा. मी "चव चांगली असली की झालं" असं काहीतरी बोलून वेळ मारून नेते. ते खोटं आहे. चांगल्या चवीची चटणी आमच्या गल्लीत सात घरी होते. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

मी सांगलीत गावभागात राहते आणि चटणी करून विकते. चटणी म्हणजे आमच्याकडची, कांदा-लसूण मसाला. पुण्याच्या पुढे 'चटणी' म्हटलं की लोकांना इडली आठवते, म्हणून लेबलवर दोन्ही नावं छापते.

२०१४ च्या उन्हाळ्यात घरची चटणी करताना पाच किलो जास्तीची केली. आदल्या दिवाळीत ह्यांची नोकरी सुटली होती आणि पिंपरीची भाची म्हणाली होती की मामी, माझ्या ऑफिसातल्या दोघी विकत घेतील. किलोला चारशे रुपये लावले. पाच किलो चार दिवसांत संपली, मग आणखी वीस केली, तीही संपली. मी हवेत. माझे धाकटे दीर मार्केट यार्डात एका अडतीवर हिशोब लिहितात. त्यांनी एका संध्याकाळी कागद घेऊन बसवलं. मी मिरचीचा भाव धरला होता, पण देठ काढल्यावर आणि बी-माती झटकल्यावर किलोमागे शंभर ग्रॅम कमी होतात ते धरलं नव्हतं. किलोभर कांदा वाळवून तळला की वाटीभर उरतो, ते धरलं नव्हतं. तेल, गॅस, डंकाचे पैसे, रिक्षा, पिशव्या, काहीच नाही. किलोला चारशे तीसच्या पुढे पडत होती आणि मी चारशेला विकत होते.

"वहिनी, तुम्ही धंदा करताय का अन्नदान?" ते म्हणाले.

त्यात माझी मजुरी तर त्यांनीही धरली नव्हती. ती मी पुढच्या वर्षी स्वतःच धरली, तासाला शेतावरच्या बाईची मजुरी बसेल त्या हिशोबाने, आणि भाव वाढवला. तीन गिऱ्हाइकं तुटली. त्या तिघींची नावं अजून आठवतात, कारण तेव्हा एकूण गिऱ्हाइकं होती एकतीस.

माझी खरी गोष्ट या एकतीस जणींपासून सुरू होते. दोनशे पानी लाँगबुक घेतलं आणि प्रत्येकीला एक पान दिलं. नाव, घरात माणसं किती, रविवारी मटण होतं का, तिखट किती चालतं, चटणी कधी नेली, किती नेली. पहिलं वर्ष नुसतं लिहीत गेले. वर्षाने पानं चाळली तेव्हा दिसलं की चार माणसांच्या घरात, आठवड्याला एकदा रस्सा होत असेल तर किलोभर चटणी साडेतीन महिने पुरते. शाकाहारी घरात पाच-सहा महिने. घरात तरणी पोरं आणि मिसळीची हौस असेल तर अडीच.

मग मी एकच काम धरलं. डबा संपायच्या आठवडाभर आधी फोन करायचा. "संपत आली असेल ना?" पलीकडून हमखास येणार, "अगं बाई, कालच तळाला चमचा लागला!"

यात चतुराई काही नाही. पण डबा संपला आणि मी नाही आठवले, तर ती बाई कोपऱ्यावरच्या दुकानातून तयार पाकीट आणते. ते पाकीट संपेपर्यंत महिना जातो, तोवर जिभेला त्याची सवय होते. गिऱ्हाईक माझ्यावर चिडून गेलेलं नसतं, ते नुसतं विसरलेलं असतं. मला आधी वाटायचं की जाहिरात म्हणजे नवीन माणूस शोधणं. नवीन माणूस शोधायला पैसे लागतात. जुन्या माणसाचा डबा लक्षात ठेवायला वही पुरते. नवीन माणसं जुनीच आणतात. त्यासाठी मी दर किलोमागे वीस ग्रॅमची एक छोटी पुडी घालते, एका वेळच्या रश्श्यापुरती, आणि चिठ्ठीवर लिहिते, "शेजारणीला द्या." ज्या बाईला स्वतःला आवडलेली नाही ती शेजारणीला देत नाही, त्यामुळे पुडी वाया जात नाही.

आता चुका. पहिली पिशवीची. हातसीलरने पाकीट बंद करायचं, वरून छान बंद दिसायचं, आणि पुण्याला पोचेपर्यंत पार्सल लालभडक. एका खासगी बसवाल्याने तर दुसऱ्या प्रवाशाची सुटकेस दाखवून माझ्याकडून धुलाईचे पैसे घेतले. मी पिशवी बदलली, जाड घेतली, तरी तेच. शेवटी ज्याच्याकडून सीलर घेतला त्याने एका मिनिटात दाखवलं. चटणी भरताना तिची भुकटी पिशवीच्या तोंडाला आतून चिकटते, तिथे तेलकट थर बसतो आणि प्लास्टिक प्लास्टिकला धरत नाही. तेव्हापासून जाड कागदाचा नळा करून पिशवीच्या तळापर्यंत घालते, त्यातून चटणी सोडते, नळा अलगद वर काढते, तोंड कोरड्या फडक्याने पुसते आणि मग सील. त्यावर अर्धा इंच सोडून दुसरं सील. दोन वर्षं ज्या पार्सलांनी रडवलं त्याचं औषध एक कागद होता.

दुसरी व्हॉट्सॲपची. भाचीने बिझनेसचं ॲप घालून दिलं, ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच निरोप एकदम सगळ्यांना पाठवायची यादी, करून दिली. एका यादीत २५६ नंबर बसतात. माझे दीडशे झाले होते. "नवी चटणी तयार आहे" असा फोटोसकट निरोप पाठवला आणि वाट बघत बसले. उत्तरं आली बावीस. मला वाटलं, लोकांना कंटाळा आला माझा. आठवडाभर उदास होते. मग कळलं की ज्यांनी माझा नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह केलेला नाही त्यांना ब्रॉडकास्ट पोचतच नाही. निरोप गेलाच नव्हता, आणि मी त्यांचा नकार धरून बसले होते! आता लेबलवर नंबरखाली छापलंय, "हा नंबर 'सांगली चटणी' नावाने सेव्ह करा." नवीन बाई फोनवर आली की बोलणं संपायच्या आत मी तिच्याकडून ते करवून घेते.

तिसरी प्रदर्शनाची. पुण्यात तीन दिवसांचा स्टॉल, भाडं नऊ हजार, जाणं-येणं-राहणं वेगळं. विक्री अकरा हजार चारशे. लोक पोळीच्या तुकड्यावर चटणी चाखून पुढे जायचे. ते पैसे गेले ते गेले. कुणी म्हणतं ओळखी होतात. मला चार झाल्या.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. फूड लायसन्स, म्हणजे छोट्यांसाठीची नोंदणी, मी काढली तेव्हा वर्षाला १२ लाखांच्या आतल्या उलाढालीला फी होती १०० रुपये. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, फुकट असते, आधारकार्डावर होते. मला एका एजंटाने तिचे दीड हजार सांगितले होते. वजनकाट्याचं पासिंग, म्हणजे सरकारी तपासणी, दरवर्षी करून घ्यायचं. पाकिटावर निव्वळ वजन, तारीख, किंमत, पत्ता हवाच. हे सगळं करायला वेळ लागतो, पैसे फारसे लागत नाहीत.

भांडवलाचं मात्र सांगायला हवं, कारण अडतं तिथेच. चटणी वर्षातून एकदा होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी ब्याडगी मिरची येते, तेव्हाच ती रंगाला आणि वासाला असते आणि तेव्हाच घेऊन ठेवावी लागते. थोडी संकेश्वरी, थोडी लवंगी, खोबरं, धने, लसूण. म्हणजे एका महिन्यात सगळा पैसा ओतायचा आणि तो परत यायला वर्ष. हे मी पाच वर्षं कशीबशी निभावत होते, बांगड्या एकदा सोनाराकडे ठेवून सुद्धा.

ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर आला. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. आमच्या घरात पाणी शिरायच्या आधी रात्री आम्ही चटणीचे डबे शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर चढवले, काटा नेला, सीलर नेला, देव नेले. वही स्वयंपाकघरातल्या फळीवर राहिली. किंमत अशी तिला नव्हतीच ना, साठ रुपयांची वही. परत आलो तेव्हा ती फळीवरच होती, फुगलेली, पानं एकमेकांना चिकटलेली, शाई सगळी निळा डाग होऊन बसलेली. डब्यांपैकीही निम्मे दमट लागून गेले, पण मी रडले ते वहीला. ह्यांना कळेना की ही चाळीस किलो चटणीला रडत नाही आणि वहीला कशी रडते.

फोनमधले नंबर, पार्सलच्या पावत्या, भाचीची आठवण, असं करत वही पुन्हा उभी केली. दिवाळीपर्यंत. या खटपटीत प्रत्येकीशी बोलणं झालं, आणि तिसऱ्या-चौथ्या फोनला एक बाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षीचे पैसे आत्ता पाठवू का?" मला ते मागायचं सुचलंच नव्हतं. आजवर मी उधारी देत आले होते. जानेवारीत मीच सगळ्यांना विचारायला सुरुवात केली. अर्धे पैसे आगाऊ, आणि भाव आज ठरेल तोच. चौसष्ट घरांनी दिले. मिरचीचे पैसे सुटले.

आणि मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला. मिरची घरात, डंक बंद, लोकांचे पैसे माझ्याकडे. पुन्हा चौसष्ट फोन. "परत हवे असतील तर लगेच देते." तिघांनी घेतले. बाकीच्यांना जूनमध्ये चटणी पोचली. त्यानंतर मला कधी कर्जासाठी बँकेत जावं लागलं नाही. मुद्रा कर्जाची चौकशी करून ठेवली होती, ते घेणं वाईट असं मी म्हणणार नाही, पण हप्ता दर महिन्याला जातो आणि माझा पैसा वर्षातून एकदा येतो. दोन्हीचा मेळ मला बसत नव्हता.

आगाऊ पैसे घेतले की भावाचं बंधनही येतं. मार्च २०२४ मध्ये कर्नाटकातल्या ब्याडगीच्या बाजारात मिरचीचा भाव कोसळला, शेतकऱ्यांनी बाजार समितीत गाड्या पेटवल्या. बातमी बघून माझ्याकडे फोन, "मिरची स्वस्त झाली, चटणीचं काय?" मी म्हटलं, मिरची चढली होती त्या वर्षी मी ठरलेल्या भावालाच दिली होती की नाही? वहीत त्यांचंच पान काढून तारखेसकट वाचून दाखवलं. वही अशीही उपयोगी पडते.

लोक मला लिज्जतचं उदाहरण देतात. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड सुरू केले, वगैरे. मला त्यातली वेगळीच गोष्ट लक्षात राहिलीय. पहिल्या वर्षी पावसात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह आणला, पापड खाटेवर आणि खाली स्टोव्ह. ऐंशी रुपये कुणीही उसने देईल, खाट सुचायला एक पावसाळा बुडावा लागतो.

वाढायला मी नाही म्हटलं तेही सांगते, कारण त्यावरून घरात भांडण झालं होतं. २०२३ च्या पावसाळ्यात एका गिऱ्हाइकाच्या सुनेने आमच्या चटणीचा रस्सा करतानाची रील टाकली. दोन दिवसांत एकशे ऐंशी मागण्या. बंगळूर, हैदराबाद, कुठून कुठून. माझ्याकडे शिल्लक साठ किलो, आणि ती सगळी वहीतल्या घरांची.

"अहो आई, आलेलं गिऱ्हाईक परत पाठवताय तुम्ही?" सून म्हणाली. "बाजारातून मसाला आणून भर घालू, कुणाला कळणारे?"

मला कळलं असतं. शिवाय राज्याबाहेर माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी लागते, तीही नव्हती. एकशे ऐंशी जणांना निरोप पाठवला, चटणी एप्रिल-मेमध्ये होते, हवी असेल तर जानेवारीत आठवण करा. सून दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जानेवारीत अकरा जणांनी आठवण केली. ती म्हणते एकशे एकोणसत्तर गेले. मी म्हणते अकरा आले. यावर आमचं अजून एकमत नाही, आणि तिचं सगळंच चूक आहे असंही मला वाटत नाही. मी हात आखडता घेतला नसता तर कदाचित आज स्वतःचा डंक असता.

गोधडीवाल्या बाईंना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "काकू, तुमचा डबा संपतो. माझी गोधडी वीस वर्षं फाटत नाही. मी फोन कधी करू?" मला उत्तर देता येईना. चार दिवसांनी सुचलं तसा मीच फोन लावला. म्हटलं, गोधडी संपत नाही, पण घरात बाळ येतं. ज्यांना आजवर गोधडी दिली त्यांच्या लेकी-सुनांत कुणाला कितवा महिना ते लिहायला लागा. त्या हसल्या. "लोक म्हणतील, काय भोचक बाई आहे."

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला होता. वही दोनशे पानी घेऊ का शंभर, विचारत होत्या.