चॉल्डनच्या चर्चमध्ये बूट काढून

इंग्लंडमध्ये विंचेस्टर ते कॅंटरबरी, साधारण 190 किमी, वीकेंडला तुकड्या तुकड्यांनी चालतोय. आईला फोनवर म्हटलं वारीला चाललोय, तर म्हणे अरे तिकडे कुठला आलाय विठोबा. तर तिकडे थॉमस बेकेट. कॅंटरबरीचा आर्चबिशप, 1170 मध्ये राजाच्या सरदारांनी कॅथीड्रलमध्येच मारला, तीन वर्षांत संत झाला आणि लोक चालत यायला लागले ते पार 1538 मध्ये राजा आठव्या हेन्रीने समाधी फोडेपर्यंत. या वाटेला पिलग्रिम्स वे, म्हणजे यात्रेकरूंची वाट, हे नाव मात्र 19व्या शतकात घट्ट चिकटलं, आणि खरे यात्रेकरू इथूनच जायचे का यावर लोक अजून भांडतात. असो.

गेल्या शनिवारी मर्स्टहॅमहून निघालो. लहानपणी आजीबरोबर सासवड ते जेजुरी चाललोय, तिथे टाळ ऐकत पाय आपोआप पडायचे, इथे अर्धा तास कानात फक्त मोटरवेची घरघर. वर टेकडी सगळी खडूची, पावसात त्याचा पांढरा लगदा होतो आणि बुटाला असा धरतो की प्रत्येक पाय किलोभर जड. चॉल्डन गावचं चर्च जरा वाट सोडून आहे, भिजलो होतो म्हणून गेलो, एवढंच.

चर्च बारकं, गावातल्या मारुतीच्या देवळाएवढं म्हणा ना. भिंती चकमकीच्या दगडाच्या, इथे खडूत तेच सापडतात. 1086 च्या डूम्सडे नोंदीतही, म्हणजे राजाने करून घेतलेल्या जमीनजुमल्याच्या मोजणीत, चॉल्डनला चर्च आहे. दारात सवयीने बूट काढले आणि ओल्या मोज्यांवर आत, फरशी बर्फासारखी. पुढे आल्टर म्हणजे वेदी बघितली, 1657 चा लाकडी पुल्पिट, म्हणजे प्रवचनाचा कठडा, बघितला, निघणार तेवढ्यात फुलं लावणाऱ्या आजी म्हणाल्या, मागे बघितलंत का?

मागे वळलो तर अख्खी पश्चिमेची भिंत. साधारण 17 फूट बाय 11 फूट, गेरूच्या लाल रंगावर फिकट माणसं, साल 1200 च्या आसपास. पुढे कधीतरी त्यावर चुना फासला आणि 1869 मध्ये साफसफाई करताना हे चित्र सापडलं. मधोमध शिडी, त्यावर उघडी माणसं चढतायत, काही कोसळतायत. वर एका बाजूला मायकेल देवदूत तराजूत जीव तोलतोय आणि सैतान हळूच पारडं दाबतोय, अगदी आपल्या मंडईतला काटा मारणारा. खाली दोन राक्षस कढईत माणसं ढवळतायत. बहुतेक ठिकाणी असं चित्र लोकांच्या समोर, आल्टरच्या कमानीवर असतं, इथे ते पाठीमागे. म्हणजे प्रार्थना संपवून घरी निघालात की तेव्हा दिसणार!

मी अडकलो उजवीकडच्या कोपऱ्यात. दोन राक्षसांनी खिळ्यांचा पूल धरलाय आणि त्यावरून कारागीर चाललेत. लोहार आहे पण ऐरण नाही, कुंभार आहे पण चाक नाही, सूत काढणारीकडे लोकर धरायची काठी नाही. कामात लबाडी करणाऱ्यांची ही शिक्षा, असा अर्थ लावतात. खाली आगीत सावकार बसलाय, डोळेच नाहीत त्याला, गळ्यात पिशवी आणि तोंडातून नाणी गळतायत. आपल्याकडे यमपुरीच्या चित्रांत चोर, जार, खोटारडे सगळे दिसतात, पण काम अर्धवट टाकणाऱ्याला वेगळा पूल, हे मी तरी पहिल्यांदा पाहिलं. आणि शुक्रवारी मी ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्ट न करताच रिलीज ढकलून आलो होतो. लॅपटॉप नसलेला एक माणूस त्या पुलावर सहज मावला असता.

आजींनी माझ्या पायांकडे बघितलं, फरशीवर मोज्यांचे ओले ठसे शिडीपर्यंत गेले होते. सॉरी म्हणालो. त्या म्हणाल्या वाळतील. बाहेर येऊन बूट घातले, आतला चिखल अजून गार होता, आणि ऑक्स्टेड स्टेशन अजून बरंच लांब.