मध्यंतर कुठे गेलं?

आज सव्वातीन तासांचा सिनेमा सलग बघितला. मध्यंतर नाहीच. दोन तास उलटल्यावर पुढच्या रांगेतले एक काका वाकून, मोबाइलच्या उजेडात पायऱ्या चाचपडत बाहेर गेले. परत येईपर्यंत एक महत्त्वाचं पात्र मेलेलं. "हा कुठे गेला?" त्यांनी काकूंना विचारलं. मग पुढची पाच मिनिटं आम्हा सगळ्यांनाच कथासार ऐकावं लागलं!

मध्यंतराने म्हणे लय तुटते. अहो, १९५९ चा ‘बेन-हर’ साडेतीन तासांचा, १९६२ चा ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ त्याहूनही लांब. दोन्हींत मध्यंतर होतं, त्यानंतर वाजवायला खास संगीतही होतं. तेव्हा कुणाची लय तुटली? मला तर मध्यंतर गायब होण्यामागे थिएटरच्या वेळापत्रकाचाच हात दिसतो: मध्यंतर नाही, तर दिवसभरात सिनेमाचे जास्त खेळ बसवता येतात.

२०२४ च्या ‘द ब्रूटलिस्ट’मध्ये पंधरा मिनिटांचं मध्यंतर सिनेमातच आहे, पडद्यावर उलटी मोजणी करणाऱ्या घड्याळासकट. हे मला पटतं. कुठे थांबायचं ते दिग्दर्शकाने ठरवावं. थिएटरवाल्याने ऐन संवादात दिवे लावले तर तीही चिडचिडच.

बाकी, पुढच्या लांबलचक सिनेमाला मी कडेचीच खुर्ची घेणार. आणि चहा? सिनेमा संपल्यावर.