पुरात कागद गेले, पुराच्याच कागदावर केस उभी राहिली

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. तोवर आम्ही पोरांना घेऊन शाळेतल्या छावणीत पोचलो होतो. एका वर्गात सात कुटुंबं.

मार मला नवा नव्हता. पण घरी निदान दार लावून रडता यायचं. पाणी ओसरल्यावर सानुग्रह अनुदानातले पाच हजार रोख मिळाले, ते कुटुंबप्रमुखाच्या म्हणजे नवऱ्याच्या हातात. दोन दिवसांत संपले. कुठं गेले विचारलं, तर त्यानं सगळ्यांदेखत मला ढकललं. फळ्याची कड कपाळाला लागली. फळ्यावर पूर येण्याआधीची तारीख तशीच होती.

अंगणवाडीच्या ताईंनी पदर दाबून धरला आणि म्हणाल्या, "आधी सरकारी दवाखान्यात चल. केसपेपर काढ. कसं लागलं ते डॉक्टरला लिहायला लाव, पडले म्हणू नकोस." पुरानंतर माझ्या नावाचा तो पहिला कागद.

पोलीस ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतली. हवालदार म्हणाले, "पुरानं सगळ्यांचीच डोकी फिरल्यात, जरा समजून घ्या." मग ताईंच्या फोनवरून १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर लावला. तिथून संरक्षण अधिकारी, म्हणजे घरात मार खाणाऱ्या बाईला कोर्टापर्यंत मदत करणाऱ्या सरकारी मॅडमचा पत्ता मिळाला.

मॅडमनी कौटुंबिक घटना अहवाल भरायला घेतला. मला वाटायचं हिंसा म्हणजे मारणं. त्या फॉर्मात पैसे न देणं, दागिने विकणं, घालूनपाडून बोलणं, सगळ्याला जागा आहे. दोन तास लागले. मधेच मी म्हटलं, "हे पण लिहायचं?" तर म्हणाल्या, "तेच तर लिहायचंय."

अडलं ते पुराव्यावर. लग्नपत्रिका, रेशनकार्ड गाळात. लग्नाची नोंद कधी केलीच नव्हती. आधारवर अजून माहेरचं नाव. मी ह्या घरात राहते हे दाखवायचं कसं? मॅडमनी विचारलं, "घराचा पंचनामा झाला ना? सही कुणाची?" सही माझी होती! तलाठीभाऊसाहेब आले तेव्हा नवरा जागेवर नव्हता, म्हणून चिखलात उभं राहून मीच केली होती. कुटुंबात कोण कोण, तेही त्यात लिहिलेलं. त्याची नक्कल जोडली.

वकीलबाई विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळाल्या. बाईमाणसाला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तरी एकानं टायपिंगचे पाचशे मागितले. बाईंना सांगितल्यावर तो परत दिसला नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा म्हणतो, पहिली तारीख तीन दिवसांत, निकालाचा प्रयत्न साठ दिवसांत. माझी पहिली तारीख पाच आठवड्यांनी पडली, अंतरिम म्हणजे निकालापर्यंतचा आदेश डिसेंबरात. मारायचं नाही, घराबाहेर काढायचं नाही, महिना तीन हजार. आदेशाची प्रत कोर्टातून फुकट मिळते, ती मागून घ्या. एक प्रत पोलीस ठाण्यात जाते. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, हे वकीलबाईंनी त्याला समोर बसवून सांगितलं. हात उचलायचा थांबला. पैसे मात्र कधी येतात, कधी नाही. त्यासाठी अजून तारखा चालू आहेत.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. पोरं, म्हैस आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली कोर्टाची ऑर्डर घेऊन निघाले. छावणीच्या यादीत ह्या वेळी माझं नाव वेगळ्या ओळीत लिहायला लावलं.