दहापैकी किती?

खांद्याच्या ऑपरेशनच्या संध्याकाळी सिस्टर पहिल्यांदा विचारायला आल्या, "काकू, दुखणं दहापैकी किती?" मी तोऱ्यात सांगितलं, "शून्य." खोटं नव्हतं ते. उजवा हात माझा नव्हताच. कुणीतरी आपलं गाठोडं माझ्या पोटावर ठेवून चहाला गेल्यासारखा तो पट्ट्यात पडून होता. भुलीच्या डॉक्टरांनी मानेच्या बाजूला इंजेक्शन देऊन हाताकडे जाणाऱ्या नसा बधिर केल्या होत्या. त्याला ब्लॉक म्हणतात. उजवी पापणी अर्धी मिटलेली, आवाज घोगरा. मुलगी घाबरली, तिला अर्धांगवायूच वाटला. पण असं होतं आणि ब्लॉक उतरला की जातं, हे डॉक्टरांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं.

मी साताऱ्याजवळ प्राथमिक शाळेत शिकवते. 31 वर्षं हात वर करून फळ्यावर लिहिलं. खांदा आधीच कुरकुरत होता, त्यात एसटीच्या फळीवरून बॅग ओढताना आत काहीतरी कट्कन झालं. सगळे म्हणाले लिगामेंट. एमआरआयमध्ये निघाली कंडरा (स्नायू हाडाला बांधणारी दोरी), सुप्रास्पायनेटस नावाची, हाडापासून सुटलेली. मग पुण्यात दुर्बिणीचं ऑपरेशन. ते सगळं सांगत बसत नाही, ते कुणाचंही सारखंच असतं. मला सांगायचंय ते त्या "दहापैकी किती"बद्दल. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांवर दहापैकी मार्क मी टाकत आले, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा मला तो प्रश्नच कळला नव्हता.

रात्री तीनच्या सुमारास ब्लॉक उतरला. हळूहळू उतरेल असं मी धरून चालले होते. आधी अंगठ्याला मुंग्या आल्या, बोटं हलली म्हणून बरं वाटलं, आणि तासाभरात खांद्याच्या आत कुणी पाटा-वरवंटा घेऊन बसलंय असा ठणका सुरू झाला. सिस्टर आल्या. दहापैकी किती?

"दहा म्हणजे काय?" मी विचारलं.

"दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही असं."

आता मला दोन बाळंतपणं आठवली. पहिल्या वेळी पूर्ण एक दिवस कळा दिल्या होत्या. तेव्हा ते दहा असेल तर हे फार तर सहा. शिवाय समोरच्या भिंतीवर चेहऱ्यांचा तक्ता होता, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा चेहरे. शेवटच्याच्या डोळ्यांत पाणी. मी रडत नव्हते, म्हणजे तो चेहरा माझा नव्हे. मी "सहा" म्हटलं. सलाईनमधून पॅरासिटॅमॉल लावलं गेलं. शेजारच्या कॉटवर फलटणकडच्या एक आजी होत्या, त्यांनी प्रश्न पुरा व्हायच्या आत "धा, बाई, धा!" म्हटलं आणि त्यांना इंजेक्शन मिळालं. त्या झोपल्या. मी पहाटेपर्यंत पंख्याची पाती मोजत होते.

सकाळी फाइल चाळली (शिक्षकाची खोड, कागद दिसला की वाचायचा). पहाटे पाचला माझ्या नावावर "3" लिहिलेलं. मला कुणी विचारलं नव्हतं. डोळे मिटून पडले होते म्हणून तीन! राग आला. परीक्षेला न बसलेल्या मुलाला मी कधी मार्क दिले नव्हते.

राउंडला आलेल्या तरुण डॉक्टरांनी माझी तक्रार ऐकून घेतली आणि खुर्ची ओढून बसले. "मॅडम, सहा म्हणालात ते कशावरून?" मी बाळंतपणाचं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "हा आकडा तुमची त्या आजींशी किंवा तुमच्याच बाळंतपणाशी तुलना करायला नाहीये. औषधाआधी तुम्ही किती होतात आणि तासाभरानंतर किती आहात, एवढंच बघायचं असतं. सातच्या पुढे सांगितलंत की आम्ही जोराचं औषध काढतो. तुम्ही सोसलंत म्हणून आकडा खाली सांगितलात, तर आम्हाला कळणार कसं?" त्या चेहऱ्यांबद्दलही त्यांनीच सांगितलं. वाँग-बेकर नावाचा हा तक्ता मूळचा लहान मुलांसाठी, 1980च्या दशकात अमेरिकेत तयार झाला, आणि त्याच्या सूचनेतच आहे की शेवटचा चेहरा दाखवायला रडू आलेलं असायलाच हवं असं नाही. भिंतीवर चेहरे होते, सूचना नव्हती.

आणखी एक गोष्ट ते बोलून गेले. ब्लॉक उतरण्याआधीच, दुखत नसतानाच, गोळी पोटात जायला हवी होती. ती मी "आत्ता दुखत नाही, कशाला?" म्हणून बाजूला ठेवली होती. तो गाढवपणा माझाच.

घरी आल्यावर शंभर पानी वही केली. लिहायची डाव्या हातानं, त्यामुळे पहिली पंधरा पानं बालवाडीची वाटतात. तीन रकाने: स्वस्थ बसल्यावर, हात हलवताना, रात्री. बाजूला गोळीची वेळ. एकाच आकड्यात दिवसभराचं दुखणं मावत नाही हे चौथ्याच दिवशी कळलं. बसल्यावर 3, आंघोळीला पट्टा काढताना 7, रात्री 8. कुणी "आज किती?" विचारलं तर यातलं कुठलं सांगणार? आडवं झालं की खांदा ठणकायला लागायचा. शेवटी आरामखुर्चीत लोड-तक्के लावून, कोपराखाली उशी घेऊन महिनाभर बसूनच झोपले. ह्यांचं घोरणं लांबून ऐकायची सवय झाली.

फिजिओथेरपीला गेले तेव्हा तिथल्या मुलीनं आकड्याच्या आधी वेगळंच विचारलं. "बाई, ठणकतंय, की कळ येते, की चमक मारते?" मी थबकलेच. या भाषेतला प्रश्न मला येत होता! रात्री येतो तो ठणका. कंबरेत वाकून हात घंटेच्या लोलकासारखा झुलवताना येते ती चमक, सणकन येते आणि जाते. पट्ट्यामुळे मान आणि पाठीला लागते ती रग. टाक्यांची नुसती आग आणि खाज. सकाळी सगळा खांदा भरून आलेला, ते दुखणं नव्हेच, ताठरपणा. तिनं एकेकाची वासलात लावली. रग लागते कारण मी खांदा कानाकडे उचलून धरते, पट्टा सैल करा. ठणक्याला शेक नको, बर्फ. चमक येते तिथे हात थांबवा, पुढे रेटू नका. व्यायामात चारपर्यंत गेलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपल्या जागेवर आलं पाहिजे. नाही आलं तर काल जास्त झालं. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळी. ही एवढीशी युक्ती वहीत फरक दाखवून गेली, हलवतानाचा रकाना आठवड्यात 7 वरून 5 वर आला.

माझ्या मुलीनं नंतर शोधून सांगितलं की रोनाल्ड मेल्झॅक नावाच्या मानसशास्त्रज्ञानं कॅनडात दुखण्याचे असे शब्द गोळा करून 1975 मध्ये त्यांची प्रश्नावली छापली होती, 20 गटांत 78 इंग्रजी शब्द. मला आमच्या आईची आठवण झाली. तिला पोटाचं विचारलं तर "मुरडा, कळ, की नुसतं डब्ब झालंय?" असं तीही विचारायची, तेही चूल फुंकता फुंकता.

सहाव्या आठवड्याच्या तपासणीला सर्जननी कागदावर दहा सेंटीमीटरची रेघ दिली. डावं टोक अजिबात दुखत नाही, उजवं टोक असह्य. मध्ये कुठेतरी उभी खूण करायची. आकडे नाहीत. मी डाव्या हातानं खूण केली, ती तिरकी गेली. पट्टी लावून त्यांनी 34 मिलिमीटर लिहिलं. मी विचारलं, रेघेवरच्या तिरक्या खुणेला मिलिमीटर कसले? ते म्हणाले, एक-दोन मिलिमीटरला अर्थ नसतोच, दीडेक सेंटीमीटर हलली तर माणसाला खरंच फरक पडलाय असं आम्ही धरतो. हे उत्तर मला आवडलं. पट्टी आहे म्हणून मोजमाप नेमकं आहे असा आव तरी नव्हता.

मधे एक घोळ केला. सातव्या आठवड्यात पट्टा निघाला होता, स्वस्थ बसल्यावर सलग चार दिवस 1. मग काय, वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा काढायला हात गेला. चमक अशी की डोळ्यांपुढे काजवे. क्षणभर 9, दोन मिनिटांत पुन्हा 1. वहीत काय लिहायचं? लिहिलं नाही, आणि दोन दिवस कुणाला सांगितलंही नाही. शेवटी फिजिओच्या मुलीनं चेहऱ्यावरून ओळखलं आणि सर्जनकडे पाठवलं. सोनोग्राफीत कंडरेची शिवण शाबूत निघाली. पण त्यांनी सुनावलं: कंडरा हाडाला धरायला तीन महिने तरी लागतात, दुखणं त्याच्या कितीतरी आधी कमी होतं. तुमच्या वहीतला 1 कंडरेला माहीत नाही. तेव्हापासून चौथा रकाना केला, "काय केलं". त्यात पहिली नोंद "पोह्यांचा डबा".

आज चौदावा आठवडा. सकाळची नोंद, आता उजव्या हाताची: स्वस्थ 0, हलवताना 2, रात्री 1. काय केलं: फळ्यावर अर्धी ओळ लिहिली, वेणी घातली. मागचा हूक मुलीनं लावला.