बारीक बाईला शुगर कशी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हळदीकुंकवाला विचारलंत, स्टाफरूममध्ये विचारलंत, सातारा-पुणे एसटीत शेजारच्या सीटवरून विचारलंत. "बाई, तुम्ही तर एवढ्या काडीसारख्या, तुम्हाला कशी काय शुगर?" आणि मी तोंड उघडायच्या आत पुढचा प्रश्न तयार, "गोड फार खात होता का?" हल्ली त्यात तिसरा आलाय. "मग, आता बरी झाली का?"

सहा वर्षं मी "हो ना, नशीब" म्हणून विषय संपवत आले. आता एकदाच लिहून टाकते.

गोड फार खात नव्हते. चहात एक चमचा साखर, सणाला पुरणपोळी, कोणाच्या बारशाला पेढा. तुम्ही खाता तेवढंच. माझं वजन ५१ किलो, उंची पाच फूट एक इंच, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचं माप) २१ च्या आसपास. तक्त्यात बघा, अगदी हिरव्या रकान्यात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शाळेत तपासणीचं शिबिर होतं. मी नववीच्या मुलींची रांग लावायला गेले होते. नर्स म्हणाली, "बाई, तुम्हीपण द्या की बोट." दिलं. २३८. तिनं दुसऱ्या बोटाला टोचलं. २४१. आठवड्यानं लॅबमधून एचबीए१सी करून आणलं, ते ७.८ निघालं. ६.५ पासून पुढे मधुमेह धरतात, आणि हा आकडा साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगतो. म्हणजे 'काल लग्नात जेवले होते' हा बहाणाही चालेना.

शिबिराच्याच दिवशी आमच्या हिंदीच्या बाईंनी बोट दिलं होतं. वजन ८२ किलो. शुगर एकदम नॉर्मल. त्यांना मी वर्षानुवर्षं "जरा जिना चढत जा" म्हणून ऐकवत आले होते. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी गणित शिकवते, म्हणून मला पटलं ते आकड्यांनीच. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एकच माप देत होता आणि आत दुपटीपेक्षा जास्त फरक होता. आपल्याकडच्या बारीक दिसणाऱ्या माणसांत स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, आणि ती चरबी पोटात, यकृताच्या आसपास जाऊन बसते. तिथं बसली की इन्सुलिनचं कोणी ऐकत नाही. म्हणून आपल्या बायकांसाठी कंबर ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० ही मर्यादा धरतात. मी त्या दिवशी शिवणाच्या डब्यातला टेप काढून लावला. ८६. पाचवारी साडीत कोणाला दिसतंय? मलाही दिसलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला सांगायला आवडते, आणि आवडते म्हणूनच तिच्याबद्दल मला संशय आहे. माझा जन्म जानेवारी १९७३ चा, माण तालुक्यातला. बहात्तरच्या दुष्काळात आई सातव्या महिन्यापर्यंत दुष्काळी कामावर खडी फोडत होती. तिथं मिळणारी सुकडी आणि घरी मिलोची (परदेशातून आलेल्या ज्वारीची) लाल भाकरी, यावर मी पोसले. वजन कोणी केलं नाही, आई म्हणायची, "सुपात ठेवली तर सूप रिकामंच वाटायचं." पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये याज्ञिकांच्याच चमूनं १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांची बाळं अभ्यासली. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ ची. पण ही लहानखुरी बाळं स्नायूंत मार खातात, कातडीखालची चरबी मात्र बऱ्यापैकी राखून ठेवतात. हे वाचून मला काय हायसं वाटलं होतं! म्हणजे चूक माझी नाहीच, बहात्तरची आहे.

पण मग शुगर निघायच्या आधीची ती बारा वर्षं कोणाची? शाळेत स्कूटीनं, घरी स्कूटीनं. दिवसभर खुर्ची, पेपरांचे गठ्ठे, चार वेळा चहा आणि प्रत्येक चहाबरोबर खारी. रात्री साडेबाराला झोप. दुष्काळानं मला खारी खायला सांगितली नव्हती. दोन्ही खरं असेल. कितीला किती, हे मला अजून सोडवता आलेलं नाही.

आता जे तुम्हाला कोणालाच सांगितलं नाही ते.

शुगर निघाल्यावर मी वेडी झाले. डॉक्टरांनी गोळी दिली, तिच्यात मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड हे दुसरं औषधही होतं. खाण्याचं सांगितलं, चालायचं सांगितलं. मला ते पुरेना. मी शंभर पैकी शंभरवाली. घरातली साखर बाहेर काढली. गूळ, मध, मोरावळा, जॅमची बाटली, सगळं कामवाल्या मावशींना देऊन टाकलं. नवऱ्यानं ऑफिसात चहा प्यायला सुरुवात केली. सासूबाई तेव्हा अठ्ठ्याहत्तरच्या, त्यांची शुगर लख्ख नॉर्मल. त्यांच्या चहातली साखरही मी बंद केली. "आत्या, घरात एक नियम म्हणजे एक नियम." त्या बिनसाखरेचा चहा बशीत ओतून, तोंड वेडंवाकडं करून प्यायच्या. मी ते बघून न बघितल्यासारखं करायची.

त्यात कुठूनतरी डोक्यात घेतलं की रात्रीचं जेवण सोडायचं. डॉक्टरांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी आधी गोळी बदलली असती, हे मला नंतर कळलं. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही याची ती चौकशी करत नाही. मी संध्याकाळची गोळी घेतली, अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यानं तासभर झपाझप चालून आले, आणि ताक पिऊन सहामाहीचे पेपर तपासायला बसले. नवरा नाइट शिफ्टला, मुलगा पुण्यात.

साडेदहा-पावणेअकरा झाले असतील. एका पेपरची बेरीज करत होते. ७ आणि ८. मला जमेना. म्हणजे सात दिसत होते, आठ दिसत होते, पण ते एकमेकांजवळ येईनात. मी समासात पुन्हा पुन्हा सात लिहिले. तो पेपर माझ्याकडे नाही, पण त्या मुलीच्या घरी असेल. त्यावर लाल शाईत सात सात सात असं उतरत गेलेलं आहे. मग घाम. ऑक्टोबरचा घाम वेगळा आणि हा वेगळा, गार. मानेवरून पाठीत. हात असे कापायला लागले की शुगर मोजायच्या मशीनची पट्टी तीन वेळा खाली पडली. आकडा आला ४८. सत्तरच्या खाली गेली की लगेच काहीतरी गोड तोंडात टाकायचं, एवढं मला पाठ होतं. तीन चमचे साखर, पाण्यात. मी स्वयंपाकघरात गेले आणि एकेक डबा उघडत सुटले. रवा. पोहे. डाळ. मेथ्या. साखरेच्या डब्यात मी ओट्स भरले होते.

सासूबाई भांड्यांच्या आवाजानं उठून आल्या. "काय गं, हात का कापत्यात?" मी काहीतरी बोलले, त्या म्हणतात की मी "साखर कुठाय, साखर कुठाय" म्हणून त्यांच्यावरच ओरडले. त्या काही न बोलता आत गेल्या. त्यांची पत्र्याची ट्रंक उघडल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा हातात मिठाईचा खोका, कंदी पेढ्यांचा, अर्धा संपलेला, डांबरगोळ्यांच्या वासाचा. इरकली लुगड्यांच्या खाली ठेवला होता.

"तोंड उघड."

मी जमिनीवर बसून पेढा खाल्ला. दुसरा त्यांनी कुस्करून भरवला. (पेढ्यात दूध-खवा असल्यानं तो सावकाश चढतो, साधं साखरेचं पाणी लवकर चढतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. खरं आहे. पण साखर नव्हती.) अर्ध्या तासानं ९१ झाली. तोवर त्या माझ्या शेजारी पाय पसरून बसून होत्या. मी रडत होते, आणि ते शुगरमुळे नव्हतं. मग त्यांनी खोक्याला रबर लावलं आणि विचारलं, "आता ह्यो डबा कुटं ठिवू?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. खरंच विचारत होत्या. नवा नियम काय, हे.

दुसऱ्या दिवशी साखरेचा डबा परत भरला. डॉक्टरांकडे जाऊन सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी फक्त मेटफॉर्मिन ठेवलं. तुमच्यापैकी जे गोळी चालू असताना कोणाचं ऐकून जेवणं सोडताय, त्यांनी हा परिच्छेद परत वाचा. बाकी लेख सोडून दिलात तरी चालेल.

सवयींचं विचाराल तर माझ्याकडे एक दोनशेपानी वही आहे. महिनाभर जेवणानंतर दोन तासांनी टोचत बसले. कांदेपोहे आणि चहा, २१४. तेच पोहे अर्धे आणि वाटीभर मटकीची उसळ, १६२. "भाकरीनं वाढत नाही" म्हणता ना? ज्वारीच्या दोन भाकरी आणि पिठलं, १८८. एक भाकरी, आधी उसळ आणि काकडी, १४६. ज्वारीही पिठूळच; गव्हापेक्षा माझं पोट जास्त वेळ भरलेलं राहतं एवढंच. आणि गुळाचं तर सोडाच. रक्तात गेल्यावर तो साखरच असतो, त्याला तिथं कोणी 'नैसर्गिक' म्हणून वेगळा पाट मांडत नाही.

मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट आजोबांच्या काळची आहे, शतपावली. शंभर पावलं नाही हं, पंधरा मिनिटं. सकाळच्या तासभर चालण्यानं माझी जेवणानंतरची शुगर फारशी हलत नव्हती. जेवण झाल्याझाल्या गच्चीवर पंधरा मिनिटं फेऱ्या मारल्या की तीस-चाळीसनं खाली. चालताना पायांचे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात. म्हणून मी पंगतीतून हात धुऊन थेट मांडवाबाहेर निघते. ते शिष्टपणानं नाही. आहेराच्या वेळेपर्यंत परत येते.

तेवढ्यानं भागत नाही म्हणून पाच लिटरचे दोन कॅन उचलते, भिंतीला टेकून उठाबशा काढते. साडेदहाला झोपायचा प्रयत्न करते. तो फसतो.

आता "बरी झाली का?" या प्रश्नाचं.

चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये आला. नियमित चालणं आणि खाण्यातला बदल, एवढ्यानं तीन वर्षांत मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी उतरला होता. गंमत म्हणजे वजन फारसं न उतरताच. पूर्वीची मी या आकड्यावर नाक मुरडून म्हणाली असती, 'फक्त अठ्ठावीस? पासही नाही.' तिला अजून पटवून देता येत नाही. शंभरला शंभर नसेल तर कशाला करायचं, असं ती अजूनही एखाद्या रात्री विचारते, आणि माझ्याकडे चांगलं उत्तर नसतं. मी उठून फेऱ्या मारते एवढंच.

माझं एचबीए१सी २०२२ ला ६.३ होतं. तेव्हा तुमच्यापैकी दोघींना मी "गेली शुगर" असं सांगितलं होतं, ते मागे घेते. या जानेवारीत ६.७. वही तीच, गच्ची तीच, कॅन तेच. सकाळी उपाशीपोटी ११८ च्या खाली यायला शुगर तयार नाही, कारण पहाटे यकृत आपल्या मनानं साखर सोडतं आणि त्याला मी काय खाल्लं याच्याशी देणंघेणं नसतं. पाळी गेली त्याचं असेल, झोपेचं असेल, वयाचं असेल. डॉक्टर म्हणाले, बघू, तीन महिन्यांनी परत करा.

सासूबाई आता चौऱ्याऐंशीच्या. पेढ्यांचा खोका फडताळात उघड्यावर असतो. त्या दिवसाला अर्धा खातात आणि उरलेला अर्धा माझ्यासमोर कागदात गुंडाळून ठेवतात.

मुलगा सव्वीसचा, पुण्यात असतो, दिवसभर लॅपटॉप आणि रात्री एकला बिर्याणी. माझ्यासारखाच काडी. दिवाळीत मी टेप घेऊन मागे लागले तर म्हणाला, "आई, माझं वजन बघ की, ६१." मी म्हटलं, वजन नकोय, उभा राहा. राहिला. टेप बेंबीशी आल्यावर त्यानं पोट आत ओढलं.

"श्वास सोड," मी म्हटलं.

"सोडलाय," तो म्हणाला.