रात्रीतून बसणारी बस
आमची बस रात्री सरळ उभी केली तरी सकाळी मागून डावीकडे बसलेली असायची, स्टार्ट करून प्रेशर भरलं की परत उचलायची, म्हणून सगळे म्हणाले बलून (चाकापाशी बॉडी उचलून धरणारी हवेची रबरी पिशवी) गेला, बदलून टाका. अहो पण आधी साबणाचं पाणी मारून बघा, हवा गळते तिथे फेस येतो! हवा पूर्ण भरलेली असतानाच मारायचं, आणि चेसिसला स्टँड लावल्याशिवाय खाली शिरायचंच नाही, हवा गेली की बॉडी एकदम खाली येते. बलूनच्या घड्या, पाइपचे जॉइंट, कुठेच फेस नाही, शेवटी लेव्हलिंग व्हॉल्व्हच्या (बलूनमधली हवा कमी-जास्त करून गाडीची उंची राखणारा व्हॉल्व्ह) कनेक्टरपाशी बारीक फेस दिसला. पाइप तिरका कापलेला होता. हवा सोडली, टोक सरळ कापून परत आतपर्यंत बसवलं. आता सकाळी गाडी ताठ उभी दिसते, फार बरं वाटतं.